सही कोणाची, जबाबदारी कोणाची?

आपल्या मंडळीतील एखाद्या मुलाला मोठ्या कंपनीत इंजिनियरची नोकरी लागली म्हणजे त्या रविवारी उपासनेनंतर आवारात पेढे वाटले जातात. पाळकसाहेब उपकारस्तुतीच्या प्रार्थनेत त्याचे नाव घेतात. ज्या बापाने तीस वर्षे वर्कशॉपमध्ये फिटरचे काम केले त्याची मान त्या दिवशी ताठ असते, आणि आई पदराने डोळे टिपते. हा आनंद खरा आहे आणि तो करावाच. परंतु त्या रविवारनंतर आपण त्या मुलाला काय विचारतो? पगार किती वाढला, क्वार्टर मिळाले की नाही, लग्नाचे कुठवर आले. तो तिथे दिवसभर काय करतो आणि ते करताना त्याच्या विवेकबुद्धीवर कोणते प्रसंग येतात, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

हे सुचण्यास एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी बडोद्याच्या एका मोठ्या कारखान्यात नोकरीस असलेला आमच्या परिचयाचा एक तरुण संध्याकाळी घरी आला. लहानपणी आमच्याच शब्बाथशाळेच्या वर्गात बसलेला हा मुलगा. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, तरी तो उठेना. शेवटी म्हणाला, "काका, एका कागदावर सही करायची आहे. करू का नको, सांगा."

त्याने सांगितले ते असे. दाबाखाली वापरायची एक मोठी लोखंडी टाकी तयार झाली होती. अशी टाकी बाहेर पाठवण्यापूर्वी तिच्यात पाणी भरून, ठरलेला दाब ठरलेला वेळ धरून ठेवून, सांध्यांतून कुठे पाझर आहे काय हे पाहायचे असते. त्या दिवशी पंप मध्येच बंद पडला आणि दाब पूर्ण वेळ राहिला नाही. ट्रेलर फाटकाशी उभा होता. वरिष्ठ म्हणाले, "एवढा वेळ टिकला ना? मग पुढेही टिकला असता. सही कर." अहवालात मात्र पूर्ण वेळ लिहायचा होता. सहीच्या तीन चौकटी होत्या. पहिली त्याची, दुसरी त्याच्या साहेबाची, तिसरी साहेबाच्या साहेबाची.

"माझ्यावर दोघे आहेत," तो म्हणाला. "त्यांना अनुभव जास्त, पगार जास्त. मग जबाबदारीही त्यांचीच जास्त नाही का?"

त्या संध्याकाळी आम्ही त्याला जे उत्तर दिले ते अपुरे होते, असे आज वाटते. म्हणून हा प्रश्न वाचकांपुढे नीट मांडावा, असा विचार केला.

मोठ्या कंपनीचे देणे

प्रथम एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. मोठी कंपनी म्हणजे पाप आणि लहानसे स्वतःचे दुकान म्हणजे पुण्य, असा काही हिशेब नाही. एकट्या माणसाने कितीही बुद्धी लढवली तरी त्याच्याने धरण बांधवत नाही, रेल्वेचे इंजिन घडवत नाही, औषधाचा कारखाना उभारवत नाही. हजार माणसांचे हात एका कामी लावण्याची सोय म्हणजे मोठी संस्था. नवशिक्या इंजिनियरला तिथे जुन्या फोरमनच्या हाताखाली जे शिकायला मिळते ते कोणत्याही पुस्तकात नसते. आपण काढलेल्या रेषांप्रमाणे लोखंड आकार घेते, बटण दाबताच यंत्र सुरू होते, तेव्हा त्या माणसाच्या मनात जो आनंद होतो त्याला निर्मितीचा आनंद म्हणण्यास आम्हांला संकोच वाटत नाही.

उतारही तितकेच असतात. दोन वर्षे राबून केलेले काम एका पत्राने रद्द होते. श्रेय खात्याला जाते, चूक मात्र नावानिशी शोधली जाते. उत्तम काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून बढती मिळते, आणि बढती मिळताच ज्या कामात तो उत्तम होता तेच काम सुटते. ही दुःखे खरी आहेत. पण ती पोटापाण्याच्या सगळ्याच धंद्यांत थोडीफार असतात, आणि धीराने सोसता येतात.

सोसता येत नाही असे दुःख निराळे आहे. आपल्याला धोका दिसतो, आपण तो सांगतो, आणि सांगूनही गाडी पुढे जाते. अशा वेळी माणसाने काय करावे? आणि पुढे अनर्थ झालाच, तर त्याचा दोष त्याच्याकडे किती? हा प्रश्न ज्यांच्या वाट्याला पूर्ण वजनाने आला अशा काही इंजिनियरांची हकीकत जगजाहीर आहे. ती थोडी विस्ताराने सांगतो.

एका रबरी कड्याची गोष्ट

अमेरिकेतील युटा राज्यात मॉर्टन थायोकॉल नावाची कंपनी होती. नासा या सरकारी संस्थेच्या अंतराळयानाला वर नेणारे दोन प्रचंड अग्निबाण ती तयार करीत असे. हे अग्निबाण तुकड्यातुकड्यांनी बनत. तुकडे रेल्वेने फ्लॉरिडाला जात आणि तिथे एकावर एक बसवले जात. दोन तुकड्यांच्या सांध्यातून आतील तप्त वायू बाहेर निसटू नये म्हणून सुमारे पाव इंच जाडीची आणि 12 फूट व्यासाची दोन रबरी कडी बसवलेली असत. आपल्या घरच्या प्रेशर कुकरची रिंग ज्या कामाची, तेच काम या कड्यांचे. कुकरची रिंग कडक झाली की झाकणाच्या बाजूने वाफ निसटते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. रबर थंडीनेही कडक होते.

जानेवारी 1985 मध्ये एक उड्डाण थंडीच्या दिवसांत झाले. त्या वेळी सांध्याचे तापमान 53 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 12 अंश सेल्सिअस होते. परत आलेल्या अग्निबाणाचा सांधा उघडून पाहिला, तर दोन कड्यांच्या मध्ये काजळी साठलेली. पहिले कडे ओलांडून वायू आत शिरला होता. कंपनीतील रॉजर बोझोले या इंजिनियरने ही काजळी पाहिली आणि त्याची झोप उडाली. 31 जुलै 1985 रोजी त्याने वरिष्ठांना लेखी कळवले की हा सांधा तातडीने सुधारला नाही, तर मनुष्यहानी होईल असा मोठा अनर्थ ओढवेल. सांधा सुधारण्यासाठी काही माणसे नेमली गेली, पण त्यांना पुरेशी साधने मिळेनात. ऑक्टोबरमध्ये त्यांच्यातील बॉब एबलिंग याने पत्र लिहिले, त्याचा आरंभच मदतीच्या हाकेने केलेला होता.

27 जानेवारी 1986 रोजी कळले की दुसऱ्या दिवशी 'चॅलेंजर' यान सुटणार, आणि रात्री कडाक्याची थंडी पडणार. एबलिंगने फ्लॉरिडात असलेल्या आपल्या वरिष्ठाला, अॅलन मॅक्डोनाल्डला, फोन केला. त्या संध्याकाळी युटा, अलाबामा आणि फ्लॉरिडा यांच्यात टेलिफोनवर बैठक भरली. बोझोले आणि त्याचा सहकारी आर्नी थॉम्पसन यांनी पुरावे मांडले. कंपनीने प्रथम सांगितले की 53 अंशांखाली उड्डाण करू नये. नासाच्या अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. उड्डाण आधीच अनेकदा पुढे ढकलले होते. मग आम्ही उडवायचे तरी केव्हा, अशा आशयाचा त्रागा एकाने केला.

कंपनीने पाच मिनिटे आपसांत बोलण्यासाठी मागून घेतली. ती पाच मिनिटे अर्धा तास चालली. थॉम्पसन उठून टेबलाच्या टोकाशी गेला आणि सांध्याचे चित्र साहेबांपुढे ठेवून पुन्हा समजावू लागला. बोझोलेने काजळीची छायाचित्रे दाखवली. कोणी ऐकत नाही असे दिसल्यावर दोघे आपल्या जागी परतले. मग जेराल्ड मेसन या बड्या अधिकाऱ्याने इंजिनियरिंग खात्याचा प्रमुख रॉबर्ट लंड याला सांगितले की आता इंजिनियरची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घाला. चार व्यवस्थापकांनी निर्णय केला; इंजिनियरांना मत विचारले गेले नाही. कंपनीने उड्डाणास संमती कळवली. संमतिपत्रावर सही करण्यास मॅक्डोनाल्डने नकार दिला, तेव्हा युटामधील दुसऱ्या अधिकाऱ्याने ती केली.

28 जानेवारीच्या सकाळी तळावर बर्फ लोंबत होता. यान सुटले तेव्हा हवा 36 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 2 अंश सेल्सिअस होती. युटामध्ये बोझोले आणि एबलिंग पडद्यासमोर बसून पाहत होते. यान तळावरच फुटेल ही त्यांची भीती होती. ते वर गेले. बोझोलेने पुढे सांगितले आहे की साठाव्या सेकंदाच्या सुमारास एबलिंग त्याला म्हणाला, आत्ताच मी देवाचे उपकार मानले. 73 व्या सेकंदाला यानाच्या चिंधड्या झाल्या. सात जण गेले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतील शिक्षिका होती, आणि अनेक शाळांतील मुले ते दृश्य दूरचित्रवाणीवर पाहत होती.

वाटल्याने वजन कमी होते काय?

आता आमच्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. तीन चौकटी, तीन सह्या. मग जबाबदारीचे तीन वाटे होतात काय?

दहा माणसांनी मिळून एक दगड उचलला तर दगडाचे वजन दहा ठिकाणी वाटले जाते. पण दहा माणसांनी मिळून खोटी साक्ष दिली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहावा हिस्सा खोटेपणा येत नाही. प्रत्येकाची साक्ष पुरती खोटी असते. सही ही साक्ष आहे. 'मी तपासले' असे ती म्हणते. खालच्याने म्हणावे, वर साहेब आहेत. वरच्याने म्हणावे, खालच्याने तपासलेच असेल. आणि तिसऱ्याने म्हणावे, दोघांच्या सह्या आहेत, मग मला काय पाहायचे? अशा रीतीने तीन सह्यांचा कागद तयार होतो आणि त्यावर एकाचीही साक्ष नसते. ज्या व्यवस्थेने तीन डोळे हवेत म्हणून तीन चौकटी आखल्या, त्याच चौकटींच्या आड तिन्ही डोळे मिटतात.

दुसरी गोष्ट टोपीची. आपल्या मराठीत टोपी घालण्याचा एक निराळाच अर्थ आहे, आणि त्या रात्री तोच खरा ठरला. व्यवस्थापकाने खर्च, वेळ, ग्राहक यांचा विचार करू नये असे आम्ही म्हणत नाही. तो त्याचा धर्मच आहे. पण टोपी बदलली म्हणून डोके बदलत नाही. जे सत्य एका टोपीखाली ठाऊक होते ते दुसऱ्या टोपीखाली ठाऊक नाही असे कसे होईल? आपणही हे करतो. घरात एक टोपी, कचेरीत एक, आणि रविवारी मंदिरात तिसरी. माणूस मात्र एकच असतो, आणि हिशेब टोपीकडून मागितला जात नाही.

व्यवस्थापकांची बाजू

एवढे म्हणून थांबलो तर ते सोपे होईल, आणि न्यायाचेही होणार नाही. त्या व्यवस्थापकांना सात माणसे मारायची नव्हती. त्यांचीही काही बाजू होती. इंजिनियरांपाशी पुरावा अपुरा होता; थोड्या उष्ण दिवसांतील एका उड्डाणातही वायू निसटल्याचे आढळले होते. शिवाय, जो प्रत्येक भीतीला मान देईल त्याचे यान कधीच उडणार नाही, पूल कधीच बांधून होणार नाही. 'नको' म्हणणारा नेहमीच बरोबर असतो असे थोडेच आहे?

हा आक्षेप खरा आहे. पण त्या बैठकीत एक उलटापालट झाली, तिच्याकडे बारकाईने पाहिले पाहिजे. एरवी इंजिनियरला सिद्ध करावे लागे की यान सुरक्षित आहे, तेव्हाच ते उडे. त्या रात्री त्याला सिद्ध करण्यास सांगितले गेले की ते असुरक्षित आहे, नाहीतर ते उडेल. पुरावा अपुरा होता हे दोन्ही बाजूंना मान्य. मग अपुऱ्या पुराव्याचा फायदा कोणाला द्यायचा? न्यायालयात तो आरोपीला देतात, कारण तिथे माणसाचा जीव पणाला लागलेला असतो. इथेही माणसांचेच जीव पणाला लागले होते. पण फायदा मिळाला वेळापत्रकाला. चूक ही होती. भित्रेपणा आणि सावधपणा यांतील फरक येथेच आहे: भित्र्याला स्वतःची काळजी असते, सावध माणसाला दुसऱ्याची.

ज्याने सांगितले त्याचे काय?

आता सर्वांत कठीण प्रश्न. ज्याने सांगितले, लिहिले, आणि तरी अनर्थ झाला, त्याचा दोष किती?

बॉब एबलिंग लवकरच निवृत्त झाला. युटातील बेअर नदीच्या पक्षी अभयारण्यात त्याने पुढे अनेक वर्षे विनामूल्य काम केले. पण मनाचा काटा निघाला नाही. जानेवारी 2016 मध्ये, घटनेला तीस वर्षे झाली तेव्हा, या वृद्ध माणसाने नभोवाणीवरील मुलाखतीत सांगितले की आपण आणखी काही करायला हवे होते. देवाने या कामासाठी आपली निवड केली ही देवाची चूकच झाली, असेही तो म्हणाला. देवापुढे उभे राहिल्यावर, मलाच का निवडले, असे त्याला विचारायचे होते.

पवित्र शास्त्र जाणणाऱ्या वाचकांना येथे दोन माणसे आठवतील. एक पिलात. त्याच्या हाती सत्ता होती. थांबवणे त्याला शक्य होते. त्याने पाणी मागवून हात धुतले. दुसरा यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायातील पहारेकरी. तलवार येताना पाहून त्याने कर्णा वाजवला आणि लोकांनी ऐकले नाही, तर रक्ताचा जाब त्याच्याकडे मागितला जात नाही. वाजवलाच नाही, तर मागितला जातो. जबाबदारीचे माप येथे स्पष्ट आहे. तुला काय दिसले, तुझ्या हाती काय होते, आणि तू काय केलेस. परिणाम काय झाला हे त्या मापात नाही.

जगाचा न्याय मात्र उलटा दिसतो. ज्याच्या हाती सत्ता होती त्याने हात धुतले. ज्याच्या हाती नव्हती त्या एबलिंगला तीस वर्षे स्वतःचे हात मळके वाटत राहिले. असे का व्हावे? आम्हांला वाटते, त्याने दोन गोष्टी एक केल्या: दुःख आणि दोष. सात माणसे गेल्याचे दुःख त्याला झालेच पाहिजे होते. ते झाले नसते तर तो आधी पहारेकरीच झाला नसता. पण दुःख झाले म्हणून दोष लागत नाही. आजाऱ्याची सेवा करून, डॉक्टर आणून, रात्री जागून काढल्यावरही माणूस गेला, तर मागे राहिलेला म्हणतोच की मी आणखी काही करायला हवे होते. ते प्रेमाचे बोलणे आहे. त्याला कबुलीजबाब समजू नये.

तरीही, 'मी एकदा सांगितले, माझे काम झाले' असे म्हणणाऱ्याला आम्ही ही सवलत देणार नाही. पहारेकऱ्याने कर्णा हळूच वाजवून चालत नाही. कर्तव्याच्या पायऱ्या आहेत. धोका स्पष्ट शब्दांत सांगणे ही पहिली. तो लिहून ठेवणे ही दुसरी, कारण बोललेले विसरले जाते. जे खरे नाही त्यावर सही न देणे ही तिसरी. येथे मॅक्डोनाल्ड उभा राहिला. आणि चौथी, अनर्थ झाल्यावर सत्य न लपवणे. चौकशी आयोगापुढे मॅक्डोनाल्डने आपण होऊन त्या रात्रीची बैठक उघड केली, आणि बोझोलेने आपली कागदपत्रे दिली. या चार पायऱ्या चढलेल्या माणसाकडे दुःख उरेल. दोष उरणार नाही.

या पायऱ्या चढणे किती अवघड असते ते 2003 मध्ये पुन्हा दिसले. 'कोलंबिया' यान उडताना सुटलेला फोमचा तुकडा त्याच्या पंखावर आदळला होता. यान आकाशात असताना त्याच्या पंखाची छायाचित्रे घ्यावीत असा आग्रह रॉडनी रोचा या नासाच्या इंजिनियरने धरला. ते नाकारले गेले, तेव्हा त्याने कडक शब्दांत ई-मेल लिहिला, सहकाऱ्याला दाखवला, आणि वरिष्ठांना ओलांडून जाणे नको म्हणून वर पाठवलाच नाही. 1 फेब्रुवारी रोजी यान परतताना नष्ट झाले. त्यातील सात जणांत कर्नालची कल्पना चावला होती. कर्णा हातात होता, ओठांपर्यंत आला होता. आपल्यापैकी किती जणांचे कर्णे असेच राहतात!

किंमत कोण देतो?

व्यासपीठावरून धैर्याचे धडे देणे सोपे असते. पण बोझोलेला काय मिळाले? कंपनीत त्याला एकटे पाडण्यात आले. डोकेदुखी, निद्रानाश, मनाचा आजार यांनी तो खचला, आणि ती नोकरी सुटली. 1988 मध्ये त्याला अमेरिकेतील एका मोठ्या विज्ञान संस्थेचा सन्मान मिळाला आणि पुढे तो इंजिनियरांना नीतीवर व्याख्याने देत फिरला. पण ज्या कामावर त्याचे प्रेम होते ते काम पुन्हा मिळाले नाही. 2012 मध्ये तो वारला. मॅक्डोनाल्डलाही प्रथम खालच्या जागी टाकले होते. लोकप्रतिनिधींनी आवाज उठवला, तेव्हा सांधा नव्याने रचण्याचे काम त्याच्याकडे आले. नव्या सांध्याचे यान सप्टेंबर 1988 मध्ये उडाले, आणि 2011 पर्यंतच्या 110 उड्डाणांत तो सांधा निकामी झाला नाही. एकाच कंपनीतील, एकाच बाजूचे दोन माणसे. एक बुडाला, एक तरला. खरे बोलणारा शेवटी वर येतोच, असे मुलांना शिकवणे म्हणूनच प्रामाणिकपणाचे नाही.

आपल्या अनेक मंडळ्या अशा गावांत आहेत की जिथे निम्मे बाक एकाच कारखान्याच्या पगारावर भरतात. त्यांतला एक जण उद्या सही नाकारतो आणि कारखान्यावर चौकशी येते. पुढच्या रविवारी त्याच्या शेजारी कोण बसेल? त्याच्या घराचा हप्ता थकला तर कोण विचारील? ज्या मंडळीला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत तिने दानीएलावरचा धडा शिकवताना आवाज जरा खाली ठेवावा. सिंहाच्या गुहेत उतरणाऱ्याला धीर देणे निराळे, आणि वरून वाकून पाहणे निराळे.

त्या तरुणाचे पुढे

त्याने सही केली नाही. मोकळेपणाने सांगतो, हे आमच्या सल्ल्याने झाले नाही. आम्ही त्या रात्री 'प्रार्थना करून ठरव' एवढेच म्हणून मोकळे झालो होतो, आणि ते बोलणे म्हणजे कर्णा हळूच वाजवणे होते. पंप दुरुस्त होऊन चाचणी पुन्हा घेण्यात आली. ट्रेलर दोन दिवस खोळंबला. आणि टाकी? टाकी पक्की निघाली. एक थेंब पाझरला नाही.

कारखान्यात त्याची थट्टा झाली. त्या वर्षी त्याच्या बरोबरीच्याला बढती मिळाली, त्याला नाही. तो पुन्हा घरी आला तेव्हा म्हणाला, "काका, निदान एक थेंब गळला असता तरी बरे झाले असते." मग स्वतःच ओशाळून हसला.

त्या वाक्यावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. बोझोलेचे भय खरे ठरले म्हणून आज त्याचे नाव घेतले जाते. पण उड्डाण पुढे ढकलले असते तर काय झाले असते? यान काही दिवसांनी सुखरूप गेले असते, शिक्षिका परत येऊन आपल्या वर्गात उभी राहिली असती, आणि बोझोले हा उगाच घाबरवणारा माणूस म्हणून कंपनीत ओळखला गेला असता. ज्याचा इशारा ऐकला जातो त्याला आपले म्हणणे खरे होते हे सिद्ध करण्याची संधीच मिळत नाही. जगात असे पहारेकरी किती असतील की ज्यांच्यामुळे काहीच घडले नाही, आणि काहीच घडले नाही म्हणून त्यांना कोणी ओळखत नाही!

तेव्हा शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. सत्याचा धडा शिकवताना फक्त खरे ठरलेल्यांच्या गोष्टी सांगू नका. टाकी पक्की निघाली तरी सही नाकारणारा मुलगा बरोबर होता, हेही मुलांना समजावून सांगा. कारण त्याने टाकी गळेल असे म्हटलेच नव्हते. जे पाहिले नाही ते पाहिले असे लिहिणार नाही, एवढेच तो म्हणाला होता.

आणि मंडळीला दुसरी. एबलिंगची ती मुलाखत ऐकून शेकडो अनोळखी लोकांनी त्याला पत्रे लिहिली की तुम्ही तुमचे कर्तव्य केले होते. त्या रात्रीच्या बैठकीत दुसऱ्या बाजूला असलेला नासाचा एक जुना अधिकारी, आणि खुद्द रॉबर्ट लंड, यांनीही त्याला तेच कळवले. म्हातारा सुखावला, त्याच्या मनाचे ओझे उतरले. मार्च 2016 मध्ये, 89 वर्षांचा होऊन, तो वारला. तीस वर्षांचे ओझे, आणि ते उतरण्यास लागली काही पत्रे. ती तीस वर्षांपूर्वीही लिहिता आली असती.

आपल्या बाकावर शेजारी बसलेला इंजिनियर, ओव्हरसियर, इन्स्पेक्टर असे एखादे ओझे घेऊन येत नसेल कशावरून? पगार पुढच्या वेळी विचारता येईल. या रविवारी त्याला विचारा, काम कसे चालले आहे. आणि तो सांगू लागला, तर घाईने उठू नका.